नवव्या मजल्यावरून पणजी–बेती

एकतीस वर्षं मी आडवा गेलो.
पणजीहून बेती, बेतीहून पणजी,
मांडवीच्या अंगावरून
इस्त्री फिरवावी तसा.
आता या वयात उभा जातो.
तळमजला ते नऊ, छत्तीस सेकंद.
मोजलेत. सवय आहे.

घर सुवर्णाने घेतलं. कर्ज तिचं, हट्टही तिचा.
मी म्हटलं, हवेत कसली जागा विकत घेतेस?
ती म्हणाली, बाबा, तुमच्या तरी पायाखाली
कधी होती जमीन?
यावर मी चहा मागितला.

खरं सांगू? आवडलं.
म्हाताऱ्याने कुरकुरावं अशी लोकांची अपेक्षा असते.
पण इथे न्हाणीत बेडूक नाहीत,
कौलं चाळायला माणूस शोधत
एप्रिलभर हिंडावं लागत नाही,
दवाखाना, बँक, मासळीबाजार
चपलेच्या अंतरावर,
आणि वारा असा
की डास सातव्यापर्यंत येऊन दमतात.

शेजारी आवेर्तान. बावीस वर्षं जहाजावर कूक.
मजल्यावर आणखी दोन कुलुपं.
एक डिसेंबरात उघडतं,
दुसरं उघडलेलं कोणी पाहिलं नाही.
मध्ये नोटीस लागली,
‘लिफ्टमधून ओली मासळी नेऊ नये.’
आवेर्तान बांगड्यांची पिशवी घेऊन जिन्याने चढला,
नऊ मजले,
प्रत्येक मजल्यावर मुद्दाम दम खात.
दुसऱ्या दिवशी नोटीस गेली.
वास रविवारपर्यंत होता.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच.

राहायला आलो त्याच्या तिसऱ्या सकाळी
गॅलरीत उभा होतो.
कॅसिनोच्या बोटी जागरणाने सुजलेल्या,
अजून तोंड न धुतलेल्या.
त्यांच्या मधून फेरीबोट सुटली,
काडेपेटीएवढी,
वर चार-पाच स्कूटरी, एक पिवळी ओढणी.
आणि ती सरळ गेली नाही.
सुकतीच्या ओढीला खांदा देत
आधी उगवतीकडे चढली,
मग हळूहळू अंग सैल सोडत
बेतीच्या धक्क्याला टेकली.
मागे पाण्यावर एक कमान उरली, पांढरी.
बघता बघता पुसली.

एकतीस वर्षं मी हेच काढत होतो,
दिवसाला कधी तीस, कधी चाळीस वेळा,
आणि बेतीचा दिवा नाकासमोर धरून
मला वाटायचं
मी सरळ चाललोय.

सुवर्णाला हाक मारून दाखवलं.
हो, छान, म्हणाली. तिला उशीर होत होता.
आवेर्तानला दाखवलं.
तो बराच वेळ कठड्याला धरून राहिला,
मग म्हणाला, माझं किचन जहाजाच्या पोटात.
बावीस वर्षांत मला समुद्र दिसला तो
भांडी घासलेल्या पाण्यात.
आता रोज साडेसहाला
स्वतःची खुर्ची घेऊन येतो.

लिफ्टमध्ये मात्र माझा पाय अजून जुनाच.
दार मिटू लागलं की वाटतं,
कोणीतरी धावत येतंय,
आणि मी तो मध्ये घालतो.
काल तळमजल्यावर एका मुलीने
एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं.
फेरीवर कोणी असं पाहिलं तर म्हणायचो,
नदी आहे बाय, कुठे पळून जाणार?
इथे काय म्हणायचं
ते अजून सुचलेलं नाही.

लिफ्ट किरकिर करत राहिली.
आणि खरंच एक जण धापा टाकत आत आला,
बॅगेला विमानतळाची चिठ्ठी,
हातात नवी कोरी किल्ली, पुठ्ठ्याचा बिल्ला अजून लोंबणारी.
कुठला मजला, विचारलं.
नववा, म्हणाला.
मी बटणाकडे हात नेला.
ते आधीच पेटलेलं होतं.